अत्यंत चिवट मासा पाहिजे

ऑफिसात मासे आणायचं ठरलं की सर्वांत शेवटी विचार होतो तो माशांचा. आधी दिशा ठरते. मग टाकी ठेवायचं टेबल, टाकीच्या पाठीमागे चिकटवायचं समुद्रतळाचं निळं चित्र, तळाशी ठेवायचा बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा, उद्घाटनाला नारळ फोडायचा की नुसती फीत कापायची, एवढं सगळं मार्गी लागलं की कुणीतरी विचारतं, "आणि मासे कुठले?" यावर सर्वानुमते उत्तर येतं, "चिवट बघा. मेंटेनन्स नको."

आमच्या फोर्टमधल्या ऑफिसात टाकी आली ती साहेबांच्या दाढेमुळे. रूट कॅनॉलच्या निमित्ताने ते वरचेवर दंतवैद्याकडे जात होते आणि तिथल्या फिशटँकसमोर बसून त्यांना म्हणे मनःशांती मिळत असे. यात खोटं काही नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दातांच्या शस्त्रक्रियेला आलेल्या रुग्णांना आधी मासे बघत बसवलं होतं. ती माणसं खुर्चीत जास्त निवांत राहिली, असा त्यांचा १९८४ सालचा निष्कर्ष आहे. पुढे २०१५ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या मत्स्यालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. टाकीत मासे जितके जास्त, तितकी माणसं अधिक वेळ रेंगाळली आणि त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट मोजायची राहून गेली : टाकी सांभाळणाऱ्याच्या हृदयाचे ठोके.

रीतीप्रमाणे समिती नेमली गेली. साहेब अध्यक्ष, अकाउंट्सच्या मॅडम खजिनदार, शिपाईकाका कार्यवाह, रेकॉर्ड रूमचे मालवणी सहकारी 'माशांतले जाणकार' म्हणून, आणि मी इतिवृत्त लिहायला. समितीचा माशांशी आजवरचा संबंध दोन प्रकारचा होता. एक, शाळेच्या सहलीत पाहिलेलं मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय. डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ साली त्याचं उद्घाटन झालं आणि तेव्हापासून मुंबईतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी तिथल्या काचांना नाकं लावली. दुसरा संबंध बुधवार, शुक्रवार आणि रविवारच्या ताटातला. मालवणी सहकाऱ्यांचा अनुभव फक्त या दुसऱ्या प्रकारातला होता, पण तो इतका सखोल होता की त्यांना कुणी हरकत घेतली नाही. पुढे बाजारात जो जो मासा दाखवला गेला, त्याच्याबद्दल त्यांनी समितीच्या वतीने एकच प्रश्न विचारला, "खाऊक चलतत काय हे?"

पाणी ईशान्येला हवं, असं मॅडमनी सांगितलं. आमच्या मजल्यावर ईशान्येला स्वच्छतागृह आहे. "मग तिथं पाणी आहेच की," असं शिपाईकाका म्हणाले, ते इतिवृत्तात घेतलेलं नाही. शेवटी रिसेप्शनच्या उत्तरेकडच्या भिंतीवर तडजोड झाली. मग आकड्याचा प्रश्न आला. फेंगशुईप्रमाणे मासे नऊ हवेत : आठ सोनेरी आणि एक काळा. काळ्याचं काम ऑफिसवर येणारी पीडा स्वतःवर घ्यायचं. मासा मेला तर दुःख करायचं नाही, उलट आपल्यावरचं मोठं संकट टळलं म्हणून समाधान मानायचं आणि दुसरा आणायचा. हा सिद्धान्त कुणी काढला मला माहीत नाही, पण त्याचं मासे विकायचं दुकान असणार. माल खराब निघाल्यावर गिऱ्हाइकाने आनंदाने परत यावं, अशी सोय दुसऱ्या कुठल्याही धंद्यात नाही.

आठ सोनेरी म्हणजे अर्थातच गोल्डफिश. इथे मला थोडं थांबायला हवं, कारण चिवट म्हणून लहान टाकीत टाकून सर्वांत जास्त मारला गेलेला मासा बहुधा हाच असेल. कॅलेंडरवर, व्यंगचित्रात, सिनेमातल्या श्रीमंत दिवाणखान्यात तो कायम काचेच्या गोल भांड्यात एकटा फिरत असतो. त्यामुळे लोकांची समजूत झाली आहे की त्याला मुळातच जागा कमी लागते. साधा गोल्डफिश नीट वाढला तर जवळजवळ फूटभर होतो. ज्यांना शेपट्यांचे झालर-झगे असतात, तेही वीतभर तरी होतातच. त्याला जठर नसतं. जठर नाही म्हटल्यावर पोट भरलं ही भावना तरी कुठून असणार? तो दिवसभर खातो आणि दिवसभर त्याची परतफेड करतो. इटलीतल्या मोन्झा शहराने २००४ साली गोल भांड्यात मासे ठेवायला चक्क बंदी घातली. पुढच्या वर्षी रोमनेही तेच केलं. आमच्याकडे असा नियम नाही, त्यामुळे गोल भांडी स्टेशनाबाहेरसुद्धा मिळतात.

बरं, त्याची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते ही आणखी एक अफवा. त्याला शिकवलेली गोष्ट काही महिन्यांनीही आठवते, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे पहिल्या दिवशी काचेवर टिचक्या मारणारे डिस्पॅचचे गृहस्थ त्याच्या लक्षात असणार. आणि आयुष्य म्हणाल तर इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता. तो १९९९ साली, त्रेचाळीस वर्षांचा होऊन वारला. आपल्या राज्य सरकारी नोकरीत निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. पंधराव्या वर्षी चिकटलेल्या माणसाचीच एवढी सेवा भरेल. हे मी समितीत सांगितल्यावर साहेब गंभीर झाले. "एवढी वर्षं त्याची जबाबदारी कुणाकडे राहणार?" त्यांनी विचारलं. बदल्या होणाऱ्या ऑफिसात त्रेचाळीस वर्षं टिकणारा मासा चिवट ठरत नाही, तो दायित्व ठरतो. गोल्डफिश एकमताने बाद झाला.

आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर छप्पन लिटर. खालची वाळू, पेटारा आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पंचेचाळीसच्या आसपास. मासे सांभाळणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की साधारण चार लिटरला एक इंच मासा, तोही पूर्ण वाढीचा. दुकानात दिसतो तो नव्हे. म्हणजे आमच्या वाट्याला सगळे मिळून अकरा इंच मासा आला. "अकरा इंच म्हणजे एक बांगडो," मालवणी सहकारी म्हणाले. त्यांचा हिशोब बरोबर होता.

क्रॉफर्ड मार्केट ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे पाळीव प्राण्यांच्या भागात पक्ष्यांचे पिंजरे आणि माशांच्या टाक्या दाटीवाटीने मांडलेल्या असतात. दुकानदाराला "चिवट मासा द्या" म्हटलं की तो टाकीकडे बघत नाही, गिऱ्हाइकाकडे बघतो. त्याच्या लेखी दुकानातला प्रत्येक मासा चिवट असतो. "एकदम टफ आहे, साहेब. काही होत नाही." गॅरंटी? "माशाची आहे. तुमच्या पाण्याची माझ्याकडे नाही." या एका वाक्यात सगळं मत्स्यशास्त्र आलं, हे तेव्हा समितीतल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मासे तिथे जोडीने विकतात. पिशवीत घातलेल्या दोघांना आपण जोडी आहोत हे ठाऊक नसतं. बरेचदा ते दोघे नर असतात आणि घरी पोचेपर्यंत एकाची शेपूट कुरतडलेली असते.

तर पाण्याबद्दल. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच सगळं उरकतात. त्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो त्यांना विष. निसर्गाने याची व्यवस्था आपल्या परिचयाच्या पद्धतीने केली आहे. अमोनियाची फाइल एका जातीच्या जिवाणूंच्या टेबलावर जाते, ते तिचं नायट्राइट करून पुढे सरकवतात. नायट्राइटही विषारीच, पण आता ते दुसऱ्या टेबलाचं काम असतं. तिथले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, त्याचा निकाल आपण आठवड्याला थोडं पाणी बदलून लावायचा. अडचण एवढीच की नव्या टाकीत दोन्ही टेबलं रिकामी असतात. कर्मचारी रुजू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी, फिल्टर आणि चिमूटभर अमोनियाची सोय, एवढ्यावर टाकी चालू ठेवायची. मासे नाहीत.

रिकामी टाकी बघत सहा आठवडे काढणं कुठल्याही ऑफिसला जमलेलं नाही. येणारा-जाणारा थांबतो, वाकून बघतो, पेटाऱ्यातले बुडबुडे मोजतो आणि विचारतो, "मासे रजेवर का?" कुरियरवाल्याने विचारलं. ऑडिटवाल्यांनी विचारलं. साहेबांच्या वरच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा मात्र धावपळ झाली. अशा धावपळीत आणलेल्या माशांपैकी जे पंधरा दिवसांनी उरतात, त्यांना लोक चिवट म्हणतात. नवीन टाकीतले मासे का मेले, याचं उत्तर बहुतेक ऑफिसांत दृष्ट, दिशा किंवा दुकानदार असं असतं. अमोनियाचं नाव कुणी घेत नाही. तो बिचारा रंगहीन आहे.

आमच्याकडे वाचले ते गप्पी. गप्पी हा सरकारी मासा आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून महापालिकेचं कीटकनाशक खातं विहिरींत, हौदांत, कारंज्यांत गप्पी सोडत असतं. कमी प्राणवायूच्या, कोंदट पाण्यात निभावून नेणं हा त्याच्या नोकरीचाच भाग. रंगीत शेपट्यांचे दुकानातले गप्पी त्यांचेच नटवे भाऊबंद, थोडे नाजूक. पण तेही साधारण माणसाळलेल्या पाण्यात मजेत राहतात. त्यांच्यात दोष एकच. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि साधारण चार आठवड्यांनी पुन्हा देते.

यावरून अकाउंट्समध्ये जो पेच उभा राहिला, तो मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. टाकी, टेबल आणि फिल्टर 'फर्निचर आणि फिक्स्चर'मध्ये बसले. वर्षाला दहा टक्के घसारा. मासेही त्यातच टाकावेत असं मॅडमचं मत पडलं. पण मासा वर्षाला दहा टक्क्यांनी कमी होत नाही, जातो तेव्हा एकदम शंभर टक्के जातो. गप्पींनी तर कहरच केला. चार जोड्यांची नोंद असलेली मालमत्ता महिनाभरात तीस-पस्तीस नगांवर गेली. खरेदीचं बिल नाही, पुरवठादार नाही, टेंडर नाही. "हे कुठून आले म्हणून दाखवू?" मॅडमनी विचारलं. जे खरं होतं, ते रजिस्टरमध्ये लिहिण्यासारखं नव्हतं.

यावर प्रशासनाने उपाय सुचवला : नर काढून टाका, फक्त माद्या ठेवा. वरवर बिनतोड. पण गप्पीची मादी नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवू शकते. नर हलवल्यावरही बाळंतपणं चालूच राहिली. कुणी दोष कुणाला द्यायचा, याबद्दल स्टाफमध्ये अत्यंत दबक्या आवाजात चर्चा झाली. लोकसंख्या शेवटी गप्पींनी स्वतःच आटोक्यात ठेवली, कारण आई-बापांना समोर आलेलं पिल्लू आणि समोर आलेला दाणा यांत फरक करता येत नाही. हे दृश्य पाहून रिसेप्शनिस्टने महिनाभर टाकीकडे पाठ करून काम केलं. उरलेली पिल्लं सॉसच्या बाटल्यांतून डोंबिवली, वसई, पनवेल अशी पश्चिम-मध्य-हार्बर तिन्ही मार्गांवर रवाना झाली. जास्तीचे मासे नाल्यात किंवा तळ्यात सोडून पुण्य मिळवायचा एकाचा बेत होता. तो वेळीच हाणून पाडला. परक्या माशांनी आपल्या तळ्यांत आधीच पुरेसा संसार मांडला आहे.

त्यातला एक संसार आपल्या ओळखीचा आहे : क्लीनर, उर्फ सकर. काचेला तोंड लावून चिकटलेला, अंगावर खडबडीत चिलखत असलेला. "हा टाकी साफ करतो," एवढं वाक्य ऐकलं की ऑफिसवाले पाकीट काढतात. बिनपगारी सफाई कामगार कुणाला नको? तो शेवाळ खातो हे खरं. पण त्याने जेवढं साफ केलं, त्याहून अधिक तो मागे ठेवतो, आणि मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा बोटाएवढा आणला तरी फूट-दीड फुटांपर्यंत जातो. आमच्या अकरा इंचांत त्याचं डोकंसुद्धा बसलं नसतं. कंटाळलेल्या मालकांनी सोडून दिलेले सकर आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत मच्छीमारांची जाळी फाडत आहेत. मॉलीला जरा जड, किंचित खारट पाणी मानवतं. मुंबईचं तानसा-वैतरण्याचं पाणी तिला फार अळणी होतं, तिने बोअरवेलच्या सोसायटीत राहावं. टायगर बार्ब चिवट खराच, पण त्याला येता-जाता इतरांच्या शेपट्यांचे लचके तोडायची सवय आहे. अशा स्वभावाची पदं आमच्याकडे आधीच भरलेली होती.

गुरामीवर आमच्या जाणकारांचं लक्ष खिळलं. डोक्यापासची एक खास घडी वापरून हा मासा पृष्ठभागावर येतो आणि सरळ हवेतला श्वास घेतो. म्हणून पाण्यात प्राणवायू कमी असला तरी त्याचं अडत नाही. हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण याच कुळातला मोठा गुरामी आग्नेय आशियात चवीने खाल्ला जातो, असं मी म्हटल्यावर ते पहिल्यांदा टाकीच्या जवळ सरकले.

हवेत श्वास घेण्याची हीच युक्ती फायटरकडे असते. माझ्या मते लहान ऑफिसला याच्याइतका सोयीचा मासा नाही, फक्त तो लोकांना कळला पाहिजे. थायलंडने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. आपण त्याला पेप्सीच्या ग्लासात ठेवतो. हवेतला श्वास घेतो म्हणजे त्याला पाणी लागत नाही, असं नव्हे. झाकण असलेली पंधरा-वीस लिटरची स्वतंत्र टाकी आणि फार जोर नसलेला फिल्टर मिळाला तर तो दोन-तीन वर्षं एकटा, शाही थाटात राहतो. दुसरा नर फायटर आणला की प्रकरण पोलिसांत द्यावं लागेल. आरसा दाखवला तर तो स्वतःच्या प्रतिबिंबावरही कल्ले फुलवून धावून जातो. फायटरचा मोठा गुण म्हणजे तो एका माणसाच्या टेबलावर असतो आणि दाणा घालायची जबाबदारी एकाच माणसाची राहते. समितीला त्याच्यात काही करता येत नाही, आणि याच कारणासाठी समितीला तो पसंत पडला नाही. शिवाय त्याला चोवीस ते अठ्ठावीस अंश पाणी लागतं. आमचा एसी साहेबांच्या मर्जीने सोळावर असतो. भर मे महिन्यात मुंबईत माशासाठी हीटर घ्यावा लागणार, हे कागदावर मांडताना माझीच लेखणी अडखळली.

माझा स्वतःचा उमेदवार होता झेब्रा. तीन-चार जोड्या मागितल्या तर दुकानदार जरा नाराज होतो, इतका हा स्वस्त मासा. बोटाच्या दीड पेराएवढा, अंगावर निळे-रुपेरी पट्टे, सतत शाळा सुटल्यासारखी पळापळ. तो आपल्याच मातीतला, गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवर १८२२ साली पुस्तक काढलं, त्यात त्याची पहिली नोंद आहे. ओढ्याच्या कडेला, भाताच्या खाचरात, गढूळ आणि स्वच्छ, थंड आणि कोमट अशा सगळ्या पाण्यात राहायची त्याला पिढीजात सवय. अठरा अंशांपासून अठ्ठावीसपर्यंत तो कुरकुर करत नाही. म्हणजे एसीचा रिमोट कुणाच्या हातात आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आमच्या ऑफिसात असा दुसरा प्राणी नाही. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला उगाच डोक्यावर घेतलेलं नाही. त्याचा संपूर्ण जीनोम २०१३ साली प्रसिद्ध झाला. आणि त्याच्या हृदयाचा काही भाग कापला तरी तो पुन्हा वाढतो. वार्षिक मूल्यमापनाच्या दिवसांत मी या माशाकडे बराच वेळ बघत असतो. अटी दोनच : किमान सहा जणांचा घोळका पाहिजे, आणि झाकण पाहिजे, कारण तो उडी मारतो. त्याच्याजागी मीही मारली असती.

मासा ठरला तरी कणखरपणाचा खरा कस लागतो तो दाण्यांच्या वेळी. थंडी, क्लोरीन, अमोनिया एकवेळ परवडले, ऑफिसचं प्रेम परवडत नाही. सकाळी शिपाईकाका घालतात. साडेदहाला रिसेप्शनिस्ट घालते, कारण काकांनी घातले हे तिला माहीत नसतं. जेवणाच्या सुट्टीत टाकीपाशी जो घोळका जमतो, त्यात प्रत्येकाचं म्हणणं एकच : "बघा ना, तोंड उघडतात, मिटतात. बिचारे उपाशी आहेत." ते श्वास घेत असतात. माणूस दिसला की मासे काचेपाशी येतात हे खरं, पण मासे हे कायमचे आशावादी असतात, तो भुकेचा पुरावा नव्हे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच दाणे पुरतात. आमच्या टाकीत दाण्यांखेरीज पोळीचे तुकडे, बुंदीचं एक मौक्तिक आणि आषाढीला साबुदाणा सापडला. "आज एकादशी ना, म्हणून," असं सांगण्यात आलं. शेवटी दाण्यांचा डबा मॅडमच्या कपाटात कुलपात गेला आणि रजिस्टर सुरू झालं : तारीख, वेळ, चिमूट, सही. पहिल्याच आठवड्यात 'चिमूट' या रकान्यात कुणीतरी 'मूठ' असं लिहिलेलं आढळलं.

दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीत मासे काय खाणार, यावर दोन बैठका झाल्या. काहीच नाही खाल्लं तरी चालतं. धडधाकट मोठा मासा आठवडाभर सहज काढतो. सुट्टीत मरतात ते भुकेने नव्हे, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घातलेल्या 'चार दिवसांच्या एकत्र' दाण्यांनी.

दुसरा शत्रू शुक्रवारी संध्याकाळी येतो. सगळे गेले की सिक्युरिटीचा माणूस नियमानुसार मेन स्विच पाडतो. दिवे, एसी, प्रिंटर आणि त्यांच्यासोबत माशांचा पंप. पंप बंद झाला की फिल्टरमधलं पाणी थांबतं, आणि तिथले ते दोन टेबलांवरचे जिवाणू गुदमरू लागतात. त्यांनाही प्राणवायू लागतो आणि त्यांना शनिवार-रविवारची सुट्टी नसते. टाकीवर 'हा स्विच बंद करू नये' असा कागद लावला. सिक्युरिटीने तो स्विच कधीच बंद केला नाही. तो मजल्याचा बंद करत राहिला. सुटका झाली ती सर्व्हर रूममुळे. तिथला यूपीएस चोवीस तास चालू असतो, म्हणून एक्स्टेंशन बोर्डाने पंप तिकडे जोडला गेला. आयटीवाल्यांनी लेखी हरकत घेतली की सर्व्हरच्या लाइनवर मासे घेता येणार नाहीत. पुढे सर्व्हर दोनदा बसला. पंप एकदाही बसला नाही.

तिसरा शत्रू आहे निष्ठा. शिपाईकाकांनी आयुष्यभर प्रत्येक वस्तू लख्ख घासून ठेवली आहे. एका शनिवारी त्यांनी मासे बादलीत काढले, टाकी साबणाने घासली, वाळू उकळत्या पाण्यात घातली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला आणि नवंकोरं नळाचं पाणी भरलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावं किंवा त्यात औषधाचे थेंब टाकावेत. आणि स्पंजात ज्याला ते घाण म्हणत होते, तोच आमचा सगळा अनुभवी स्टाफ होता. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, हलक्या हाताने, आणि पाणी एकावेळी पाव टाकीच बदलायचं. सोमवारी तीन मासे वर तरंगत होते. "एवढं स्वच्छ करूनही!" काका खरोखर दुःखाने म्हणाले. मॅडमनी त्यांना समजावलं की ऑफिसवरचं मोठं संकट टळलं.

त्यानंतर टाकीच्या मागे मनीप्लांटची एक फांदी आली. पानं बाहेर, मुळं पाण्यात. मुळं नायट्रेट खाऊन टाकतात आणि वेल भिंतभर पसरतो. ऑफिसातल्या यच्चयावत मनीप्लांटांनी आजवर फक्त धूळ गोळा केली, हा पहिलाच कामाला लागलेला दिसला. टाकीत आता झेब्र्यांचा घोळका आहे आणि कुठल्याशा बाळंतपणातून मागे राहिलेल्या, वय आणि जन्मतारीख अज्ञात असलेल्या दोन गप्पी आहेत. पाहुणे थांबतात. साहेबांची दाढ कधीच बरी झाली, त्यांची बदलीही झाली.

नवे साहेब आल्या आल्या टाकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय बारीक-बारीक? फ्लॉवरहॉर्न आणा. आमच्या आधीच्या ऑफिसात होता. डोक्यावर एवढा मोठा गोळा. भरभराट होते." फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात माणसांनी संकर करून बनवलेला मासा. डोक्यावर टेंगूळ, आणि स्वभाव टेंगळाला साजेसा. फूटभर वाढतो. टाकीत दुसरं कुणी खपवून घेत नाही, टाकीत घातलेला हातही खपवून घेत नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "एकदम टफ मासा, साहेब. काही होत नाही." काही होत नाही ते त्याला, हे आता मला समजायला लागलं आहे.

समितीची बैठक झाली. इतिवृत्त मी लिहिलं : 'प्रस्तावास तत्त्वतः मान्यता. तथापि सदर माशासाठी चार फुटांची नवीन टाकी आवश्यक असून, टाकीतील पाण्यात जिवाणूंची पदे भरली जाईपर्यंत ती किमान सहा आठवडे रिकामी चालवावी लागेल. तत्पूर्वी दिशानिश्चिती, अंदाजपत्रक व विद्युत विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे.' साहेबांनी सही केली. मालवणी सहकाऱ्यांनी सहीच्या आधी अध्यक्षांना एकच प्रश्न विचारला. तोही मी इतिवृत्तात घेतलेला नाही.